घरची शाळा बुधवारी का बंद पडते: एका आठवड्याची मांडणी

सोमवारी फ्रिजवर वेळापत्रक चिकटतं. नऊ ते दहा मराठी, दहा ते अकरा गणित, मग इंग्रजी, परिसर, चित्रकला. मंगळवारी ते ओढूनताणून पार पडतं. बुधवारी कुकरची शिट्टी, दारात पार्सलवाला, धाकट्याची भूक आणि मोठ्याचं ‘मला नाही येत’ हे सगळं एकदमच येतं आणि पाटी-पुस्तकं कपाटात जातात.

शाळेतला तास चाळीस मुलांसाठी आखलेला असतो. हजेरी, वह्या गोळा करणं, मुलांना गप्प करणं यातच त्यातला बराचसा वेळ जातो. घरी समोर दोनच मुलं असताना तोच तास लावला की मुलंही कंटाळतात आणि शिकवणाराही. खालची मांडणी ५ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी आहे. घरची भाषा मराठी आहे आणि सकाळी अडीच तास एक मोठं माणूस घरात आहे, असं धरलं आहे. त्या अडीच तासांतही पूर्ण वेळ मुलांपाशी बसावं लागत नाही. उदाहरणं सांगलीची आहेत. साताऱ्यात किंवा वाईत राहणाऱ्यांनी नदी, डोंगर, बाजार आपापला घ्यावा.

टप्पा १: कागद आधी उरका

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वयोगटासाठी आहे. घरी शिकवणाऱ्यांसाठी त्यात वेगळी नोंदणी नाही. मूल पुढे शाळेत घालायचं ठरलं तर वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावा, ही तरतूद मात्र त्याच कायद्यात आहे. घरूनच परीक्षा द्यायची झाल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष टप्पे आहेत.

आज करायचं काम एवढंच: जन्मदाखला, आधार आणि आधी शाळेत असल्यास तिथला दाखला एका फाईलमध्ये लावा. त्याच फाईलमध्ये दर आठवड्याला मुलाच्या कामाचं एक पान जाईल, मागे तारीख घालून. ‘सगळंच जपून ठेवू’ म्हणणाऱ्यांकडे वर्षाअखेर रद्दी जमते आणि दाखवायला काही सापडत नाही.

टप्पा २: रविवारची तयारी, सव्वा तास

आठवडा टिकतो तो या सव्वा तासावर. मुलं झोपल्यावर किंवा आजोबांबरोबर बाहेर गेल्यावर बसा.

लागणारं सामान:

- जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद. त्यांचे २२ पत्ते कापा, साधारण खेळायच्या पत्त्याएवढे.
- नव्या खराट्याच्या ६० काड्या, प्रत्येकी १० सेंटीमीटर. टोकं टोचतात, ती कातरून घ्या.
- ६ रबरबँड, २ पाट्या, एक चौकटीची वही, एक दुरेघी वही.
- पाव वाटी मटकी, स्वच्छ सुती फडकं, एक ताटली.
- वाचनालयातून ४ गोष्टींची पुस्तकं. दोन मुलांनी निवडलेली, दोन तुम्ही.
- बालभारतीचं त्या इयत्तेचं पुस्तक. संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते आठवड्याला दोन पानं, तेही फक्त अंदाज घ्यायला उघडायचं.

मटकी रविवारी रात्रीच भिजत घाला. सोमवारी सकाळी आठवली तर विज्ञानाचं काम एक दिवस मागे पडतं आणि आठवडाभर मागेच राहतं.

प्रत्येक दिवसासाठी एक मोठं पाकीट करा, वर वार लिहा आणि त्या दिवशीचे पत्ते, कागद आत घाला. सकाळी ‘थांब, शोधते’ म्हणत कपाट उघडलं की दहा मिनिटं जातात आणि तेवढ्यात धाकटं सोफ्यावरून उड्या मारायला लागतं.

*तपासा:* सोमवारच्या पाकिटातलं काम तुम्ही मुलाला तीन वाक्यांत सांगू शकता का? नसेल तर काम मोठं झालं आहे. अर्धं काढा.

टप्पा ३: दिवसाचा सांगाडा

वेळा आपल्या घराप्रमाणे सरकवा, क्रम मात्र बदलू नका.

१. ८:३० ते ८:४५, बैठक. वार, तारीख, आकाश कसं आहे, एक कविता. आठवडाभर तीच.

२. ८:४५ ते ९:०५, वाचन. पाच वर्षांच्याला बारा मिनिटं पुरे.

३. ९:०५ ते ९:२५, उठून काम. अंगण झाडणं, कपडे वाळत घालायला मदत, खाऊ.

४. ९:२५ ते ९:४५, गणित. धाकट्याला इथेही बारा मिनिटं.

५. ९:४५ ते १०:३०, मोकळं. खरंच मोकळं, मोठ्यांनी मध्ये न पडता.

६. १०:३० ते १०:५०, लेखन. हे फक्त मोठ्यासाठी. धाकटं शेजारी चित्र काढेल.

दुपारी पाऊण तास हाताचं काम आणि रात्री वीस मिनिटं गोष्ट. बसून केलेला अभ्यास मोठ्याचा ७५ मिनिटं भरतो आणि धाकट्याचा चाळीसच्या आत. हे ऐकून आज्या हमखास म्हणतात, ‘एवढंच?’ हो, या वयाला एवढंच. बाकीचं शिक्षण अंगणात, ओट्यापाशी आणि गोष्टीत चालू असतं.

लेखन शेवटी ठेवण्याला कारण आहे. या वयात बोटं लवकर दमतात. सकाळी पहिलंच काम लेखनाचं दिलं की बोटं दुखतात, आणि बोटं दुखली की मूल वाचायलाही नाही म्हणतं. मग पालक वाचनाची अडचण शोधत बसतात.

सावध: सकाळच्या बैठकीआधी टीव्ही किंवा मोबाईल लावला, तर पहिल्या अर्ध्या तासात हाती काही लागणार नाही. पडदा दाखवायचाच असेल तर जेवणानंतर, वीस मिनिटं.

टप्पा ४: वाचन, सहा अक्षरं आणि एक काना

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. अ ते ज्ञ पाठ, मग बाराखडी पाठ, मग शब्द, या क्रमाने गेलेलं मूल घडाघडा म्हणून दाखवतं, पण पाटीवर ‘नाक’ लिहिलं की अडतं. पाठांतर म्हणजे चाल झाली, अक्षराची ओळख राहूनच गेली.

पहिल्या आठवड्याला सहा अक्षरं घ्या: म, ग, र, न, स, क. सोबत फक्त काना. २२ पत्त्यांवर प्रत्येक अक्षर तीनदा आणि काना चारदा लिहा. एवढ्यावर मगर, गरम, नरम, रस, कान, नाक, नाग, साग, राग, मामा, काका, नाना असे बारा शब्द सहज बसतात.

क्रम असा:

१. आधी कान. ‘म’ने सुरू होणाऱ्या घरातल्या तीन वस्तू शोधायला लावा. मीठ, मोरी, माठ. इथे अक्षर दाखवायचं नाही.

२. मग पत्ता दाखवा आणि फक्त ध्वनी म्हणा. ‘म’, आखूड.

३. दोन अक्षरं शेजारी सरकवा. र, स. आधी सावकाश, मग भरभर: र…स, रस.

४. तीन अक्षरी शब्द तिसऱ्या दिवशी. काना चौथ्या दिवशी.

५. शुक्रवारी जमिनीवर हे वाक्य मांडा: मामा सरका, मगर! त्याला म तीन, काने तीन, र दोन लागतात. पत्ते तेवढेच केले आहेत ते यासाठी. स्वतः वाचलेलं पहिलं वाक्य मजेशीर असलं की मूल ते घरभर वाचून दाखवत सुटतं, आणि तीच उजळणी.

नेहमी होणाऱ्या चुका:

‘म मगरीचा’ म्हणायला लावणं. मूल अक्षराचं नाव ‘म-मगरीचा’ असंच धरतं. ‘गरम’ वाचताना ‘ग गवताचा, र रथाचा, म मगरीचा’ असं म्हणून थांबतं, शब्द जुळतच नाही. चित्रतक्ता भिंतीवर असू द्या, वाचताना त्याच्याकडे बोट नको.

शेवटच्या अक्षरावर जोर. मूल ‘का-न’ वाचताना न पूर्ण उच्चारतं आणि ते ‘काना’सारखं ऐकू येतं. चूक म्हणून टोकू नका. ‘आता भरभर म्हण’ एवढं सांगा, ‘कान’ आपोआप जुळतो.

सारखी दिसणारी अक्षरं एकत्र घेणं. म आणि भ, घ आणि ध यांत निदान दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. भ आणि ध यांची शिरोरेघ तुटते, फरक तिथे आहे. म पक्का झाल्यावर भ घेतला तर मूल तो फरक स्वतः बोट ठेवून दाखवतं. ख पहिल्यांदा ‘रव’ वाचला जातोच, त्याची काळजी नको.

च आणि ज लवकर घेणं. चमचा आणि चंद्र, जग आणि जीभ. एकाच अक्षराचे दोन उच्चार पहिल्या महिन्यात कशाला? जोडाक्षरं तर फारच पुढे.

लेखनात पाच वर्षांच्या मुलाला पाटीवर ओल्या बोटाने तीन अक्षरं, तळहाताएवढी मोठी. सात वर्षांच्याला दुरेघीत चार ओळी. अक्षर आधी, शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर. बरीच मुलं आधी आडवी रेघ मारून तिला अक्षरं टांगतात, मग अक्षरं कमी-जास्त उंचीची होतात आणि शब्दांमधली जागा हरवते.

*तपासा:* चित्र नसलेल्या पत्त्यांवर मूल ‘मगर’ वाचतं आणि तेच पत्ते उलटसुलट केल्यावर ‘गरम’ही वाचतं का? दोन्ही आलं तरच सातवं अक्षर.

टप्पा ५: गणित, काड्या आणि एकोणतीस

मोठी अडचण मराठी संख्यानामांतच आहे. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, म्हणून मूल ५ आधी लिहितं आणि वहीत ५२ होतात. तो निष्काळजीपणा नाही, ऐकलेल्या क्रमानेच लिहिलेलं असतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोड आली ती याच अडचणीवर. वाद मोठा झाला, अडचण होती तिथेच राहिली. घरी दोन्ही म्हणता येतं.

१. दहा काड्या मोजून रबर लावा. हा दशक. मुलानेच बांधायचा. बांधून दिलेला गठ्ठा त्याच्यासाठी एकच जाड काडी असते.

२. दोन गठ्ठे डावीकडे, पाच सुट्या उजवीकडे. म्हणायचं: ‘दोन दशक, पाच सुटे. वीस आणि पाच. पंचवीस.’

३. मग चौकटीच्या वहीत डावं घर आधी लिहायचं. डाव्या घरावर काडीच्या गठ्ठ्याचं छोटं चित्र काढून ठेवा.

४. पुढे १०-१० च्या पाच नोटा आणि १ रुपयाची नऊ नाणी घेऊन तेच.

‘एकोणतीस’साठी वेगळा दिवस द्या. शब्दात तीस ऐकू येतं म्हणून मूल ३९ लिहितं. तीन गठ्ठे ठेवा आणि म्हणा, ‘यातली एकच काडी मला दे.’ काडी द्यायची तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. उरतात दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या. एक उणा तीस. हे एकदा हाताने झालं की एकोणचाळीस, एकोणपन्नास यांना फार वेळ लागत नाही. नव्याण्णव मात्र या नियमात बसत नाही, ते सरळ सांगून टाका.

सावध: पाढे या आठवड्यात नको. म्हणायची हौस असेल तर झोपाळ्यावर म्हणू द्या, पण ते गणितात धरू नका.

टप्पा ६: वारावार

सोमवार. मटकी उपसून फडक्यात बांधा. त्यातले दहा दाणे वेगळे, ताटलीत ओल्या फडक्यावर. फडकं पिळल्यावर थेंब पडू नये इतपतच ओलं. पाणी साचलं की दाणे कुजतात, वास येतो आणि मूल ‘मेली’ म्हणून रडतं. वहीत पहिलं चित्र. सोमवारी नवीन गोष्टी कमी ठेवा, दिवसाची सवय लागणं हेच त्या दिवशीचं काम.

मंगळवार. दहापैकी किती दाण्यांना मोड आले? धाकटं मोजेल, मोठं ‘१० पैकी…’ असं लिहील. फडक्यातल्या मटकीची उसळ. चित्र क्रमांक दोन.

बुधवार. हा दिवस मुद्दाम हलका ठेवा. वाचन आणि गणित दहा-दहा मिनिटं, लेखन बंद, बाकी अंगण. मंगळवारपर्यंतचं राहिलेलं काम बुधवारी भरून काढायचा मोह होतो. तिथेच आठवडा मोडतो. राहिलं ते राहिलं.

पावसाळा असेल तर बुधवारपासून कृष्णेची पातळी मांडायला घ्या. आयर्विन पुलापाशी किती फूट, हे सांगलीत पावसाळ्यात कोणीही सांगतं. आजोबांनी पेपरमधून आकडा सांगायचा, हे काम त्यांच्याकडेच द्या. त्यामुळे मधेच ‘अरे, आज शाळा नाही का?’ असं विचारणंही कमी होतं. चौकटीच्या कागदावर एक घर म्हणजे एक फूट. ४० वर पिवळी रेघ, इशाऱ्याची. ४५ वर लाल, धोक्याची. सात वर्षांच्याला रोज एक वजाबाकी: लाल रेघेला अजून किती फूट? पाणी चढत असताना मुलांना घाटावर नेऊ नका, आकडा घरात बसूनच मांडायचा. आणि २०१९ किंवा २०२१ ला ज्या घरात पाणी शिरलं होतं, तिथे हा खेळ मुलाने स्वतः विचारल्याशिवाय काढू नका.

इतर ऋतूंत अंगणात एक फुटाची काठी रोवा आणि तिची सावली सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला दोरीने मोजा. तीन दोऱ्या भिंतीला शेजारी शेजारी चिकटवल्या की झालं.

गुरुवार. स्वयंपाकघर. भडंग यासाठी उत्तम, कारण मापं सोपी आहेत आणि चूक झाली तरी खाता येतं. जाड चुरमुरे पाव किलो, शेंगदाणे १०० ग्रॅम, तेल ४ मोठे चमचे, लसूण १२ पाकळ्या, कढीपत्त्याची १५-२० पानं, हळद अर्धा छोटा चमचा, तिखट दीड छोटा चमचा, मीठ एक छोटा चमचा, पिठीसाखर एक मोठा चमचा. पाच ओळींत कृती लिहून मोठ्याला वाचायला द्या. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याला चित्रांची कृती: बारा पाकळ्या म्हणजे बारा गोल, तेवढ्या मोजून आणायच्या. १२ पाकळ्या दोघांत सारख्या वाटल्या तर किती? हे सोलताना विचारा, वहीत नको.

चुरमुरे आधी मंद आचेवर चार-पाच मिनिटं कोरडे भाजा. बोटात दाबल्यावर कट्‌ असा आवाज आला की झाले. सादळलेल्यावर फोडणी घातली तर भडंग चामट होतं. दाणे आणि लसूण तळले की गॅस बंद, मग हळद-तिखट. तापत्या तेलात तिखट टाकलं की करपतं आणि घर खोकतं. फोडणी मोठ्यांनीच करायची. पाच वर्षांखालचं भावंड असेल तर त्याच्या वाटणीचे दाणे कुटून घाला, अख्खा दाणा घशात अडकतो.

शुक्रवार. ‘मामा सरका, मगर!’ आणि मग बाहेर. दीड तास, एकच ठिकाण. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची गल्ली आहे. आधी विचारून, गर्दी नसताना गेलात तर वाळवलेला भोपळा हातात घेऊन वाजवता येतो आणि तानपुऱ्याच्या चार तारा मोजता येतात. किंवा हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, पाणी कमी असताना. हळदीच्या हंगामात मार्केट यार्ड. जाण्याआधी तीनच गोष्टी ठरवा: एक मोजायची, एक विचारायची, एक चित्रात काढायची. दहा गोष्टी समजावून सांगायला गेलात तर मुलाला लक्षात राहतो तो फक्त उसाचा रस.

शनिवार. फक्त तपासणी, ती पुढे दिली आहे. मटकीचं शेवटचं चित्र.

इंग्रजीचं काय, हे विचारलं जाणारच. या वयात रोज दहा मिनिटं कानावर: गाणं, सूचना, वस्तूंची नावं. लिहिणं मराठी वाचन जमायला लागल्यावर.

टप्पा ७: दोन मुलं एकत्र असतील तर

दोघांना एकच काम, मागणी वेगळी. पंधरा काड्या धाकटं नुसत्या मोजेल, मोठं त्यात सतरा मिळवेल. मोठ्याला ‘तू शिकव तिला’ असं रोज सांगू नका. आठवड्यातून एकदा गंमत वाटते, रोज सांगितलं की दोघं भांडतात. मोठ्याचा वाचनाचा वेळ चालू असताना धाकट्यासाठी एक डबा राखून ठेवा: झाकणं, बटणं, दोरा ओवायचे मोठे मणी. तो डबा फक्त त्याच वेळी निघतो आणि वेळ संपताच वर जातो. दिवसभर हाती राहिला तर दोन दिवसांत त्याची जादू संपते.

टप्पा ८: शनिवारची पंधरा मिनिटं

आठवड्यातले दहा शब्द पत्त्यांवर मांडा, चित्रांशिवाय, क्रम बदलून.

- आठ किंवा जास्त आले: पुढच्या आठवड्यात दोन नवी अक्षरं. सहा नव्हे.
- पाच ते सात: तीच अक्षरं, नवे शब्द.
- पाचाच्या खाली: अक्षरं सहाची तीन करा, काना काढून ठेवा.

गणितात ‘चौतीस’ म्हणून काड्या मांडायला आणि लिहायला सांगा. काड्या बरोबर आणि आकडा उलटा असेल तर समज आलेली आहे, डाव्या घरावरचं चित्र अजून आठवडाभर राहू द्या. काड्याच चुकल्या तर पुन्हा गठ्ठे बांधण्यापासून.

मुलासमोर गुण लिहू नका. तुमच्या वहीत रोजच्या तीन ओळी असतात: काय झालं, कुठे अडलं, उद्या काय. शनिवारी त्या सहा दिवसांच्या ओळी एकत्र वाचा. ‘वेळ पुरला नाही’ हे तीनदा आलं असेल तर रविवारी पाकिटं भरताना प्रत्येकातून एक काम बाहेर ठेवा. ‘कंटाळा केला’ तीनदा असेल तर ते कोणत्या वेळेला, हे बघा. बहुतेक वेळा ९:०५ चा खाऊ उशिरा झालेला असतो.